जातककथा आणि आपली मुले

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





‘मुलांना अभिजात साहित्याची गोडी कशी लावावी’ हा विषय कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविला आहे. आम्ही पेशाने बँकेतले कारकून. कला शाखेची पदवी घेताना वाचनाचा जो नाद लागला तो पुढे सुटला नाही, आणि गेली काही वर्षे रविवारी सकाळी विहारात मुलांना गोष्टी सांगतो, एवढीच आमची शिदोरी. आम्ही पालीचे पंडित नाही. तेव्हा येथे जे बोलू ते मुलांबरोबर बसून जे उमगले त्याच्या आधाराने बोलू.

आपल्या विहारांतून आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ग्रंथवाचन चालते. परमपूज्य बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ उपासक-उपासिका भक्तिभावाने ऐकतात. त्या वेळी आपली मुले कोठे असतात? लहान असली तर आईच्या मांडीवर झोपलेली असतात, जरा मोठी असली तर विहाराच्या अंगणात धुडगूस घालीत असतात, आणि त्याहून मोठी झाली की येतच नाहीत. यात मुलांचा दोष नाही. बाबासाहेबांनी तो ग्रंथ जाणत्या माणसांसाठी लिहिला. सहा वर्षांच्या मुलाला त्यात शिरायला दार सापडत नाही. पण ते दार अडीच हजार वर्षांच्या आपल्या परंपरेत आहे, आणि त्या दारात हत्ती, माकड, ससा, बैल आणि तित्तिर पक्षी उभे आहेत. त्या दाराचे नाव जातक.

लहानपणी हाती पडलेले एखादे साधे पुस्तक काय करू शकते याची दोन उदाहरणे आपल्या घरातलीच आहेत. पहिले धर्मानंद कोसंबी यांचे. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या तरुणाच्या हाती ‘बालबोध’ नावाचे मराठी मासिक पडले. विनायक कोंडदेव ओक यांचे हे मासिक मुलांसाठी निघत असे. त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. तेवढ्या वाचनाने या माणसाला असा ध्यास लागला की घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ करीत तो श्रीलंकेला पोहोचला, १९०२ साली तेथे त्याने प्रव्रज्या घेतली आणि पुढे जगभर पालीचा पंडित म्हणून मान्यता मिळविली. त्यांनीच नंतर मराठी वाचकांसाठी ‘जातककथासंग्रह’ तयार केला. एका बालमासिकाचे ऋण एका विद्वानाने असे फेडले.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थी भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल मुंबईत सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट त्या पुस्तकाच्या पानांतून निघाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. म्हणून मुलांच्या हाती काय द्यायचे हा प्रश्न फावल्या वेळेचा नाही. चळवळ पुढच्या पिढीकडे जाणार की नाही याच्याशी त्याचा संबंध आहे.

आता जातक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. त्रिपिटकातील सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायात जातक हा ग्रंथ येतो. फाउसबोल या डॅनिश पंडिताने १८७७ ते १८९६ या काळात पाली मूळ छापून काढले, त्यात ५४७ जातके आहेत. प्रत्येक जातकाची बांधणी ठरलेली असते. आधी वर्तमानकथा, म्हणजे तथागतांच्या काळात काय घडले की ही गोष्ट सांगावी लागली. मग अतीतकथा, म्हणजे खरी गोष्ट. तिच्यात गुंफलेल्या गाथा, त्या गाथांचा शब्दार्थ, आणि शेवटी समवधान, म्हणजे गोष्टीतला कोण आज कोण आहे याची सांगड. यांपैकी गाथा हाच मूळ त्रिपिटकाचा भाग मानला जातो, गद्य अट्ठकथेचे आहे. ही सर्व जातके दुर्गाबाई भागवत यांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत मराठीत आणली. तेव्हा ‘आम्हांला पाली येत नाही’ ही सबब मराठी माणसाला उरलेली नाही.

आमच्या बालसभेत आलेल्या मुलांना आम्ही सुरुवातीला विचारतो, माकड आणि मगरीची गोष्ट कोणाला येते? सगळे हात वर जातात. मगरीच्या बायकोला माकडाचे काळीज खायचे असते आणि माकड म्हणते की काळीज तर झाडावरच राहिले. सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव, हंसांनी काठीला धरून उडविलेले बडबडे कासव, याही गोष्टी मुलांना येतात. पण या गोष्टी आपल्या आहेत, सुंसुमार जातक, सीहचम्म जातक, कच्छप जातक या नावांनी त्या पालीत आहेत, हे त्यांच्या घरी कोणी सांगितलेले नसते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर कारागिरांनी जातके कोरली आणि खाली त्यांची नावेही लिहून ठेवली. १८७३ साली कनिंगहॅमला सापडलेले ते दगड आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. ज्या काळी पुस्तके नव्हती त्या काळी आपल्या पूर्वजांनी मुलांसाठी व अशिक्षितांसाठी दगडाचीच चित्रमय पुस्तके केली होती.

मात्र ‘आपल्याच आहेत’ एवढ्या अभिमानासाठी आम्ही या गोष्टी सांगत नाही. त्यांच्यात जे आहे ते आपल्या मुलांना फार लवकर लागणार आहे, म्हणून सांगतो. तीन गोष्टी घेऊन हे स्पष्ट करतो.

पहिली तित्तिर जातक. हिमालयाच्या पायथ्याशी एका मोठ्या वडाजवळ हत्ती, माकड आणि तित्तिर पक्षी राहत होते. कोणी कोणाला मान देत नसे. एकदा त्यांनी ठरविले की आपल्यात वडील कोण ते शोधू आणि त्याचा मान राखू. हत्ती म्हणाला, मी पिल्लू होतो तेव्हा हा वड माझ्या पोटाखालून जाई, शेंडा बेंबीला लागे. माकड म्हणाले, मी पिल्लू असताना जमिनीवर बसल्या बसल्या, मान उंच न करता याचे कोंब खात असे. तित्तिर म्हणाला, अमक्या ठिकाणी एक मोठा वड होता, त्याची फळे खाऊन मी येथे विष्ठा टाकली, तिच्यातून हा वड उगवला. येथे मुले हमखास खो खो हसतात. हसू द्यावे. सर्वांत लहान पाखरू सर्वांत वडील निघाले आणि हत्तीने त्याच्यापुढे मान लवविली.

आता ही गोष्ट कोणत्या प्रसंगी सांगितली ते पाहा. विनयपिटकातही ती आहे. श्रावस्तीच्या वाटेवर काही भिक्खूंनी पुढे धावत जाऊन सगळ्या जागा अडविल्या आणि सारिपुत्तासारख्या महास्थविराला झाडाखाली रात्र काढावी लागली. पहाटे तथागतांनी भिक्खूंना एकत्र केले आणि विचारले की पहिले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा कोणाला मिळावी? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. कोणी सुत्ताच्या जाणकाराचे नाव घेतले, कोणी विनयाच्या. तेव्हा तथागतांनी ही पाखराची गोष्ट सांगितली आणि नियम घातला की संघात मान ज्येष्ठतेने मिळेल. ज्येष्ठता कुळाची नव्हे, संघात कोण आधी आले त्याची. उपाली न्हावी शाक्य राजकुमारांच्या आधी संघात आला, म्हणून राजकुमारांनी त्याला वंदन केले, हा त्याच नियमाचा धडा.

बंधूंनो, याच नाशकात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि आपली वडीलधारी माणसे त्या दारापुढे उभी राहिली. तेथे प्रश्न कोणता होता? पुढे कोण, मागे कोण आणि बाहेर कोण, हाच. तो प्रश्न तथागतांनी एका पाखराच्या गोष्टीने सोडविला होता. मुलाला काळारामाचा इतिहास कळायला दहा-बारा वर्षांचे व्हावे लागेल, तित्तिराची गोष्ट मात्र सहाव्या वर्षी कळते. आणि सहाव्या वर्षी कळली की बाराव्या वर्षी इतिहास नुसता पाठ होत नाही, समजतो.

दुसरी गोष्ट नंदिविसाल जातक. तक्षशिलेत एका ब्राह्मणाकडे नंदिविसाल नावाचा बैल होता. त्याने त्याला लेकरासारखे वाढविले होते. बैलाच्या मनात आले की यांचे उपकार फेडावेत. तो म्हणाला, बाबा, एका श्रीमंताशी हजार कहापणांची पैज लावा, वाळू-खडी-दगडांनी भरलेले शंभर गाडे मी एकटा ओढीन. पैज लागली. शंभर गाडे एकामागे एक बांधले. ब्राह्मण धुरेवर बसला आणि चाबूक उगारून ओरडला, चल रे लबाडा, ओढ रे लबाडा! बैल चार खांबांसारखे चार पाय रोवून उभा राहिला. जागचा हलला नाही. ब्राह्मण हजार कहापण हरला आणि घरी येऊन अंथरुणाला खिळला. तेव्हा बैल त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, बाबा, तुमच्या घरी एवढी वर्षे राहिलो, कधी मडके फोडले का? कोणाला धक्का दिला का? नको तेथे शेण टाकले का? मग मला लबाड का म्हणालात? आता दोन हजारांची पैज लावा, पण मला तसे म्हणू नका. ब्राह्मणाने तसे केले. पाठीवरून हात फिरवून ‘चल रे भल्या’ म्हणाला, आणि नंदिविसालाने असा जोर केला की शेवटचा गाडा पहिल्याच्या जागी येऊन उभा राहिला.

मुलांनी येथे विचारले, कहापण म्हणजे किती रुपये? हा प्रश्न आम्हा बँकवाल्यांच्या आवडीचा, आणि त्याचे उत्तर आपल्या नाशकातच कोरलेले आहे. त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात त्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कहापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. आम्ही मुलांना पाट्या काढायला लावल्या. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. शिलालेख सांगतो की वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस! हिशेब चोख जुळला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. म्हणजे ब्राह्मण जे हजार कहापण हरला, ते विणकरांकडे ठेवले असते तर दहा भिक्खूंना दरवर्षी चीवरे मिळाली असती. एका वाईट शब्दाची किंमत एवढी. गणित, इतिहास आणि धम्म एका बैलाच्या पाठीवरून मुलांच्या घरी गेले.

पण या गोष्टीचे खरे मोल तिच्या वर्तमानकथेत आहे. काही भिक्खू इतरांना घालूनपाडून बोलत. कोणत्या शब्दांनी? विनयपिटकात त्यांची यादीच आहे आणि तिच्यात पहिला क्रमांक जातीचा आहे. त्यानंतर नाव, गोत्र, काम, कसब, आजार, अंगकाठी असे एकेक येते. जातीवरून टोचून बोलणे हा संघात दोष ठरला, आणि तो नियम समजावताना तथागतांनी या बैलाची गोष्ट सांगितली.

एका रविवारी ही गोष्ट झाल्यावर चौथीतली एक मुलगी घरी जाईना. सगळे गेल्यावर तिने हळूच सांगितले की शाळेत दोन मुली तिला आडनावावरून एका शब्दाने हाका मारतात. तो शब्द येथे उच्चारण्याची गरज नाही, आपण सर्वांनी तो कधी ना कधी ऐकला आहे. तिने घरी सांगितले नव्हते, कारण आईला वाईट वाटेल. मग तिने विचारले, “बैल उभा राहिला, तशी मी वर्गात गप्प उभी राहिले तर बाई मलाच रागावतील ना?” आम्ही तिला एवढेच म्हणालो की नंदिविसाल नुसता उभा राहिला नाही, नंतर मालकाजवळ जाऊन त्याने विचारले, मी काय वावगे केले ते सांगा. ती थोडा वेळ विचार करीत बसली. त्या आठवड्यात ती आईला घेऊन वर्गशिक्षिकेकडे गेली आणि स्वतः बोलली. बाईंनी ऐकून घेतले, त्या मुलींनाही समजावले. आमचे यात कर्तृत्व काही नाही. बोलण्याची हिंमत तिच्यात होतीच, बैलाने तिला शब्द दिले. आपल्या मुलांना या गोष्टी का हव्यात, याचे याहून मोठे उत्तर आमच्यापाशी नाही.

तिसरी गोष्ट दद्दभ जातक. एक ससा बेलाच्या झाडाखाली ताडाच्या रोपट्याजवळ पडून विचार करीत होता की पृथ्वी दुभंगली तर आपण कोठे जाऊ? तेवढ्यात एक पिकले बेलफळ ताडाच्या पानावर धप्पकन पडले. ससा उठला तो मागे न पाहता पळत सुटला. त्याच्यामागे दुसरे ससे, मग हरणे, डुकरे, रेडे, गेंडे, वाघ, हत्ती. सगळे रान पळू लागले. सिंहाने तीन वेळा गर्जना करून त्यांना थांबविले आणि विचारले, पृथ्वी दुभंगलेली कोणी पाहिली? हत्ती म्हणाले वाघांना विचारा, वाघ म्हणाले गेंड्यांना विचारा, असे होत होत प्रश्न सशापाशी आला. सिंहाने त्याला पाठीवर घेतले, त्या झाडाखाली नेले आणि बेलफळ दाखविले.

पंचाग्नी साधन, काट्यांवर झोपणे असल्या तपांत काही तथ्य आहे का, असे भिक्खूंनी विचारले तेव्हा तथागतांनी ही गोष्ट सांगितली. २१ सप्टेंबर १९९५ रोजी मूर्ती दूध पितात ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली आणि शिकलेली माणसे हाती पेला घेऊन रांगेत उभी राहिली, हे येथील अनेकांना आठवत असेल. शास्त्रज्ञांनी द्रवाच्या पृष्ठताणाचे कारण दाखविले ते मागाहून. आज तर मोबाइलवर रोज एक बेलफळ पडते. आम्ही मुलांना सांगतो, निरोप पुढे पाठविण्याआधी सिंहाचा प्रश्न विचारा, ‘कोणी पाहिले?’ आणखी एक गोष्ट मुलांनीच आमच्या लक्षात आणून दिली. सिंह सशाला हसला नाही, फटकारले नाही, पाठीवर बसवून घेऊन गेला. अंधश्रद्धेत सापडलेल्या आपल्या आजीशी कसे वागायचे, ते यात आले. प्रज्ञेबरोबर करुणा हवी हे सांगायला वेगळे प्रवचन नको.

आता एका रास्त शंकेकडे वळू. आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी ती आम्हांला विचारली आहे. बाबासाहेबांनी आत्मा नाकारला, आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला, मग ‘पूर्वजन्मी बोधिसत्त्व बैल होते’ हे मुलांना कसे सांगायचे? ही शंका टाळून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही.

आमचे उत्तर असे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात जातकांच्या कल्पनेचा विचार केला आहे. अवतारकल्पनेशी तिची तुलना करून त्यांनी फरक दाखविला की जातकाची कल्पना शुद्ध आचरणावर उभी आहे, अवताराला तशी अट नाही. बावीस प्रतिज्ञांत आपण बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही असे म्हणतो, ते मुलांना येथे नीट समजावता येते. दुसरे, बुद्धवचन कोणते हे ठरविण्याची कसोटीही बाबासाहेबांनीच दिली आहे. ते बुद्धीला पटणारे हवे आणि मनुष्याच्या कल्याणाचे हवे. ती कसोटी आम्ही जातकांना लावतो. ‘मागल्या जन्मीच्या पापामुळे हा गरीब झाला’ असे सांगणारी कथा आम्ही सांगत नाही. एकक निपातातील इत्थिवग्गात बायकांना दूषणे देणाऱ्या कथा आहेत, त्याही नाही. परंपरेतील सारेच उचलले पाहिजे असा आग्रह धम्मात नाही. आणि तिसरे, मुलांना गोष्ट म्हणजे काय ते आपल्यापेक्षा चांगले कळते. शेपटी लावून माकड झालेले मूल आपण माकड नाही हे जाणून असते. आम्ही सांगतो, तथागत लोकांना समजावे म्हणून प्राण्यांच्या तोंडून बोलत. एवढे मुलांना पुरते.

आता करायचे कसे, ते थोडक्यात. गोष्ट अर्ध्यावर थांबवावी आणि पुढे काय होईल ते मुलांना सांगू द्यावे. सशापाशी थांबलो की दहा मुले दहा शेवट सांगतात. मग मूळ शेवट सांगावा. समवधान तर खेळच आहे. तित्तिर जातकाच्या शेवटी येते की हत्ती म्हणजे मोग्गल्लान, माकड म्हणजे सारिपुत्त आणि तित्तिर म्हणजे स्वतः तथागत. आम्ही मुलांना पात्रे वाटून नाटुकले करायला लावतो आणि शेवटी विचारतो, हत्ती कोण होते? ती दोन महास्थविरांची नावे त्यांना आपोआप येतात. तात्पर्य फळ्यावर लिहू नये. तात्पर्य लिहिले की मूल गोष्ट विसरते आणि उत्तर पाठ करते.

वर्षातून एकदा मुलांना त्रिरश्मी डोंगरावर न्यावे. तेथे चोवीस लेणी आहेत. ३ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतील खांबांच्या माथ्यांवर प्राण्यांच्या जोड्या बसविल्या आहेत, त्या मुलांना शोधू द्याव्यात. जमल्यास मोठ्या मुलांना अजिंठ्याला न्यावे. १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपी आहे. आपल्या कळपाला वाचविण्यासाठी त्याने स्वतःच्या देहाचा पूल केला. तेथेच सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती आहे. सांचीच्या पश्चिम तोरणावरही महाकपी कोरलेला आहे. गोष्ट आधी ऐकलेले मूल त्या भिंतीपुढे थांबते, न ऐकलेले पाच मिनिटांत बाहेर येऊन वेफर्स मागते.

सातवी-आठवीच्या मुलांना पालीची गंमत दाखवावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना, इतर तीन भाषांबरोबर, एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. या दोघी किती जवळच्या आहेत ते प्राण्यांच्या नावांवरून कळते. पालीत हत्थी, मराठीत हत्ती. मक्कट आणि माकड, सस आणि ससा, ब्यग्घ आणि वाघ, मच्छ आणि मासा, कच्छप आणि कासव. असे दहा शब्द मिळाले की मूल म्हणते, पाली तर सोपी आहे! अभिजात साहित्याची भीती जाते ती अशी.

येथून वर चढायला पायऱ्या आहेत. लहानांना ससा, बैल, तित्तिर. दहा वर्षांपुढे महाकपी, आणि गाभण हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणारा निग्रोधमृग. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना माणसांची जातके द्यावीत. अंब जातकात एक ब्राह्मण तरुण चांडाळ गुरूकडून विद्या शिकतो, राजापुढे मात्र गुरूचे नाव लपवितो आणि त्याच क्षणी विद्या गमावून बसतो. मग धम्मपद, मग बाबासाहेबांचा ग्रंथ. ज्या मुलाने नंदिविसालापासून सुरुवात केली ते वर्षावासात अंगणात राहणार नाही, आत येऊन बसेल आणि प्रश्न विचारील.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची साधी विनंती आहे. येत्या वर्षावासात दर रविवारी ग्रंथवाचनाआधी अर्धा तास मुलांसाठी ठेवावा. तीन महिन्यांत बारा-तेरा रविवार येतात, तेवढ्या गोष्टी पुरेत. संस्थेच्या ग्रंथालयात जातकांचे मराठी खंड घ्यावेत आणि ते कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला लागतील असे ठेवावेत. पाने फाटली तर चिकटविता येतात. सांगायला विद्वान लागत नाही. आमच्या आया-बहिणी जात्यावर ओव्या रचीत आल्या, त्यांच्याइतके चांगले गोष्ट सांगणारे कोणी नाही. एकेका रविवारी एकेका आईने एक गोष्ट सांगावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ऐकणारेच राहू नका. घरी धाकटी भावंडे असतील, वस्तीत लहान मुले असतील, त्यांना एक तरी गोष्ट सांगा. तुमच्या परीक्षेच्या अभ्यासातून पंधरा मिनिटे जातील, पण वडाचे फळ कोणीतरी आणून टाकावे लागते, तेव्हा कोठे तेथे वड उभा राहतो.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम.